36 फ्लॅट, चार हौद आणि पातेऱ्याची पोती

ही वही मी मुळात स्वतःसाठी ठेवली होती. पण पर्वरीच्या एका आणि ताळगावच्या दोन सोसायट्यांतून विचारणा आली की खत कसं करता, खर्च किती, वास येतो का, म्हणून आहे तशी टाइप करून टाकतेय. चुका गाळलेल्या नाहीत, घाईत असाल तर नुसत्या चुकाच वाचा.

आम्ही पणजीत, सांतिनेजला. दोन बिल्डिंगा, 36 फ्लॅट, त्यातले 5 कायम बंद (मालक दुबईला नाहीतर मुंबईला, चतुर्थीला उगवतात). म्हणजे रोजची चूल 31 घरांत.

2 फेब्रुवारी 2025, रविवार

मीटिंग. विषय तोच, ओला कचरा रात्री जिन्यात ठेवायचा आणि सकाळी मांजरांनी पसरलेला बघायचा. सुक्याचं आमच्याकडे बऱ्यापैकी बसलंय, ओल्याचं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणारे ते मोठे उत्पादक, आपण त्यात बसत नाही, मग कशाला हा उपद्व्याप, असं दोघांनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता. पणजीचा ओला कचरा साळगावच्या प्लांटला जातो, तिथे गॅस होतो, वीज होते, मग आपण का हात घाण करायचे? माझं उत्तर एवढंच की माझी मावशी मडगावला राहते आणि 2019 साली तिथल्या सोनसोड्याच्या कचऱ्याच्या ढिगाला आग लागली तेव्हाचा धूर मी तिच्या घरी बसून खाल्लाय. आपल्या घरचा कुजणारा माल ट्रकातून फिरवायची गरज नसेल तर का फिरवा.

मग एक विक्रेता मशीन घेऊन आला होता त्याची गोष्ट निघाली. किंमत 4 लाख 60 हजार, "24 तासांत खत". डेमोला आमचाच कचरा घातला, दुसऱ्या दिवशी कॉफीच्या पावडरीसारखा ब्राऊन भुगा बाहेर आला, सगळे खूष. बी-302 चे काका शेती खात्यातून रिटायर झालेले, ते काही बोलले नाहीत, मूठभर भुगा घरी नेला, वाटीत घालून वर पाणी ओतलं आणि खिडकीत ठेवला. तिसऱ्या दिवशी वाटी मीटिंगमध्ये आणली. शिळ्या भातासारखा आंबूस घाण वास. म्हणजे कचरा कुजलाच नव्हता, मशीनने नुसता वाळवला होता. त्या वाटीने आमचे साडेचार लाख वाचवले. ठरलं की साधे चिऱ्याचे हौद बांधायचे.

9 ते 15 फेब्रुवारी

सात दिवस नुसतं वजन केलं. सामानाच्या बॅगा मोजायचा हूकवाला काटा वापरला. एकूण 163 किलो, म्हणजे दिवसाला 23 च्या आसपास. सगळ्यात कमी सोमवारी, 17 किलो. सगळ्यात जास्त रविवारी, 34, आणि त्यात निम्मी मासळीची डोकी, खवलं, सुंगटांची (कोळंबीची) सालं. गोव्यात खत करायला बसलात तर मासळीचा विचार पहिला करा. आम्ही शेवटी केला, ते पुढे येईलच.

23 फेब्रुवारी ते 1 मार्च

मागच्या कंपाऊंडला, पंपाच्या खोलीच्या बाजूला चार हौद एका ओळीत. प्रत्येक आतून 4 फूट बाय 3 फूट, उंची 3 फूट, म्हणजे साधारण हजार लिटर. चिऱ्यांमध्ये चार बोटं फट सोडून जाळीसारखी भिंत, हवा खेळायला. पुढची बाजू बांधलीच नाही, लाकडी फळ्या खाचेत वरून सरकवायच्या, माल काढताना उचलायच्या. ही फळ्यांची आयडिया गवंड्याची, मी तर चारही बाजू बांधायला सांगत होते. मग त्यातून खत काढायला आत उडी मारणार कोण, असं त्याने विचारलं, तेव्हा गप्प बसले.

चिरे 130 नग, 54 रुपयांनी 7,020. टेम्पो 1,500. सिमेंट, रेती 3,400. गवंडी आणि कामेरी तीन दिवस 6,300. फळ्या जुन्या पॅलेटच्या, 2,000. एकूण 20,220.

छप्पर आत्ता केलं नाही. पत्रेवाल्याने 11,000 सांगितले होते, पण फंडात पैसे कमी होते आणि "पाऊस काय जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार, मे अखेरीला बघू" असं मीच म्हटलं. तळही मातीचाच ठेवला, पाणी मुरायला बरा म्हणून. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा.

9 मार्च

गोळा करायला सुरुवात. 31 घरांना झाकणाची बादली, 140 ची, 4,340 रुपये. बादलीत पेपर घालायचा, प्लास्टिकची पिशवी नाही. आमच्या झाडू-लादीच्या मावशी सकाळी साडेसात ते नऊ मजल्यामजल्यावर जाऊन बादल्या मोठ्या ड्रमात ओतणार, त्याचे महिना 3,000 जादा. मासळी, मटण, चिकन बंद, असा नियम मी लावला. नेटवर सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं.

पहिल्या दिवशी 31 पैकी 14 घरांनी नीट दिला. नऊ जणांनी पिशवीला गाठ मारून बादलीत ठेवला. एका घरातून बादलीच परत आली, आत आमचंच माहितीपत्रक.

सुका पातेरा (झाडांची गळलेली पानं) 9 पोती जमवून ठेवला. मला वाटलं चिक्कार झाला.

16 मार्च

वास. कसला वास म्हणून सांगू! तळमजल्याच्या काकी सकाळी खिडकीतूनच, "बाय, घाण येता गो, दार उगडूंक मेळना." जाऊन बघते तर हौदाखालून काळं पाणी पार्किंगपर्यंत आलेलं.

झालं असं की पातेरा वाचवायचा म्हणून आम्ही तो वरून कोथिंबीर भुरभुरल्यासारखा घालत होतो. ओल्यावर ओलं, त्यावर ओलं, खाली हवाच नाही. मी, काका आणि मावशी, तिघांनी चार तास लावून अख्खा हौद उपसला, ताडपत्रीवर पसरला आणि नऊच्या नऊ पोती पातेरा त्यात कालवून परत भरला. मावशी हसत होत्या. म्हणाल्या, "ताई, आमच्या गावी उकिरड्यावर गोठ्यातलं सगळं गवत, चिपाडं पडतात, तुम्ही नुसतं जेवण टाकताय, ते कुजणारच की." हे त्यांना आधीपासून माहीत होतं, पण आम्ही विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वास गेला. हौदात खुपसलेली लोखंडी सळी पाच मिनिटांनी काढली तर हातात धरवेना. लगेच 650 चा लांब दांड्याचा थर्मामीटर मागवला, 61 डिग्री. मी तो आकडा नवऱ्याला दिवसातून तीनदा सांगितला.

तेव्हापासूनचं माप: एक बादली कचरा, दीड बादली पातेरा. एका दिवसाला एक मोठं तांदळाचं पोतं लागतं. आणि मूठभर माल पिळून बघायचा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवा, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा.

या मापाने माझा हिशोबही आपटला. 23 किलो कचरा म्हणून मी एक हौद महिनाभर पुरेल असं धरलं होतं, त्यात पातेऱ्याची जागा मोजलीच नव्हती. पहिला हौद 28 मार्चला भरला, म्हणजे 19-20 दिवसांत. चार हौद म्हणजे जेमतेम 76 दिवसांची फेरी. गरम ढिगाला तेवढे चालतात, पण हातात एक दिवस जादा नाही.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून सगळे पातेऱ्याला. शेजारच्या जुन्या बंगल्याचं भाट (बागायत) आहे, तिथे रोज सकाळी पातेरा गोळा करून पेटवतात, त्यांना म्हटलं आम्हाला द्या, ते म्हणाले न्या की, आमचा त्रास वाचला. दोन रविवारांत 41 पोती. पोती भुसारी दुकानातून 10 रुपयाला एक.

कुठला पातेरा चांगला तेही कळलं. गुलमोहर, सोनमोहर उत्तम, बारीक, लगेच कुजतो. आंबा, फणस चालतो पण चामड्यासारखा, आधी पोत्यात घालून काठीने बडवून घ्यायचा. बदामाची मोठी पानं एकावर एक पत्रावळीसारखी चिकटतात आणि खालचं सगळं गुदमरतं, ती कुस्करल्याशिवाय घालू नका. माडाची चुडतं (झावळ्या) तर नकोच, कोयत्याने तुकडे करायचा वेळ असेल तर तळाला टाका. सोडणंही (नारळाची सालं) तळाला. करवंट्या आणि आडसरं (शहाळी) गाडीला द्या, वर्षभरात हौदात काही होत नाही त्यांचं.

13 एप्रिल

मासळीबंदीचा निकाल लागला. लोकांनी मासळी खायची थोडीच सोडली! सुंगटांची सालं काळ्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात जायला लागली. सुका कचरा रोज उचलला जात नाही. गुरुवारपर्यंत त्या कोपऱ्यात अशी स्थिती की वॉचमन खुर्ची घेऊन गेटबाहेर बसला.

काका म्हणाले नियमच चुकीचा आहे, माशाएवढं चांगलं खत नाही, माडाच्या बुंध्यात मासळी पुरायची पद्धत आपल्याकडची जुनीच. तर प्रयोग. मासळीला वेगळा डबा, प्रत्येकाने पेपरात गुंडाळून द्यायची. ती रोजच्या थरावर टाकायची नाही. गरम हौदाच्या मधोमध दाताळ्याने हातभर खोल खड्डा करायचा, तापमान 55 च्या वर असेल तरच, त्यात मासळी, तिच्या तिप्पट पातेरा, वरून गरम माल परत ओढायचा. कडेपासून एक फूट आत.

20 एप्रिल

मुद्दाम उकरून बघितलं. सात दिवसांपूर्वी घातलेल्या बांगड्याच्या डोक्यांचं काही नाही, एक जबड्याचं हाड सापडलं, तेही बोटाने मोडलं. वास मातीचा. सुंगटांची सालं मात्र गुलाबी तुकड्यांसारखी तशीच दिसतात, ती उशिरा जातात, गेली नाहीत तरी झाडाला चालतात. तिसऱ्यांचे शिंपले अर्थात नकोत.

नियम बदलला. काळ्या पिशव्या आठवड्यात बंद झाल्या. पाच आठवडे फुकट गेले आणि त्यातला दोष पूर्ण माझा.

4 मे

घूस. दुसऱ्या हौदाच्या खालून बोगदा काढून आत संसार मांडला होता. मातीचा तळ! हौद रिकामा करून तळाला आणि मागच्या भिंतीला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारली, 2,800. बांधताना घातली असती तर सोळाशेत झाली असती आणि उपसाउपशी वाचली असती. घुशीच्या मागावर एक धामण येऊन गेली, वॉचमनने फोटो काढला, दोन दिवस मुलं मागच्या बाजूला फिरकली नाहीत, तेही एका अर्थी बरंच.

11 मे

आंब्यांचे दिवस. ड्रमात निम्मे बाठे आणि साली, झाकण उघडलं की चिलटांचा ढग. उपाय साधा निघाला, ड्रम हौदात रिकामा केला की वर चार बोटं जाडीचा पातेरा, कचऱ्याचा एक कणही दिसता कामा नये. बाठे कुजत नाहीत, रुजतात. दुसऱ्या हौदातून लालसर कोंब वर आले होते, बी-104 च्या आजींनी दोन काढून कुंडीत लावले, मानकुराद आहेत म्हणे. त्यांना कसं कळलं देव जाणे.

21 मे

लिहायला बसलेय पण हात अजून कापतायत. काल रात्रीपासून धो धो पाऊस. मे महिन्यात! छप्पर नाही. रात्री अकराला नवरा आणि मी छत्री घेऊन खाली, चारही हौदांवर मिळून एक निळी ताडपत्री बांधली आणि झोपलो. पहाटे धाडकन आवाज. ताडपत्रीच्या मध्ये पाणी साचून घमेल्यासारखा खळगा झाला होता, दोरी तुटली आणि ते सगळं पाणी, बादल्यांच्या बादल्या, सरळ तिसऱ्या हौदात. तो कालपर्यंत 58 वर होता. आज 31.

शिवाय पातेऱ्याची 22 पोती जिन्याखाली होती, त्यातली बाहेरच्या बाजूची 8 भिजली.

आणि याच आठवड्यात पहिला हौद रिकामा करायचा होता, कारण चौथा भरत आला. ओला माल चाळता येत नाही, चाळणीला शिऱ्यासारखा चिकटतो. 54 दिवसांचा माल, रंग काळा, वास चांगला, पण अजून पानांचे तुकडे दिसतायत. शेवटी तसाच 14 पोत्यांत भरून पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये विटांवर रचला. पोती गोणपाटाचीच हवीत, प्लास्टिकच्या पिशवीत आत परत सडतं.

पत्रेवाला आता 16,500 म्हणतोय. फेब्रुवारीत 11,000 होते. दिले.

1 जून

छप्पर झालं. उतार मागे काढलाय, पुढे दीड हात जास्त पुढे आणलंय कारण आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, नुसतं डोक्यावर छप्पर असून उपयोग नाही. पावसाच्या बाजूला शेडनेटचा पडदा. ही तारीख मार्चची हवी होती.

8 जून

पातेरा संपला. आणि पणजीत जूनमध्ये सुकं पान शोधून दाखवा.

10 ते 22 जून

हा काळ सगळ्यात वाईट गेला.

पहिला प्रयत्न लाकडाचा भुसा. एका फर्निचरच्या वर्कशॉपमधून 600 रुपयांत सहा पोती. पिठासारखा बारीक. ओला झाल्यावर हौदात त्याचा लगदा झाला आणि हवा बंद, वास परत. वरून काकांनी हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं हा प्लायवुडचा आहे का. होता. त्यात गोंद, केमिकल. सगळा काढून फेकला. भुसा घ्यायचाच तर अख्ख्या लाकडाच्या करवतीखालचा, जाड, आणि एकटा नाही, दुसऱ्या कशात मिसळून.

दुसरा प्रयत्न कोकोपीटच्या विटा. पाच किलोची 230 ला, भिजवली की 65-70 लिटर फुगते. आपण भिजवायची नाही, कोरडीच फोडून घालायची, कचऱ्यातलं पाणी ती पिते. काम झकास करते पण दिवसाला एक घातली तर महिन्याचे सात हजार.

मग पुठ्ठा. हे आधी का नाही सुचलं! 31 घरांत रोज काही ना काही ऑनलाइन येतं, खोके सुक्या कचऱ्यात पडून असतात. टेप आणि लेबल सोलायचं, हाताएवढे तुकडे करायचे, अंड्यांचे ट्रेही तसेच. सुट्टी संपून शाळा सुरू झालेल्या, तरी मुलांनी संध्याकाळी गेटजवळ बसून फाडायचं काम उचललं, एका खोक्याला चार मिनिटं, मी घड्याळ लावून बघितलं. चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा बाजूला. आता रोज अर्धा पुठ्ठा, पाव कोकोपीट, आणि पाव पोतं जुनं अर्धवट खत. यावर पावसाळा काढला. पूर्ण मोसमात कोकोपीटच्या 26 विटा गेल्या, 5,980.

एक मात्र चांगलं, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, मासळीचा डबा निम्म्यावर आला. पुढे श्रावणात तर पावावर.

6 जुलै

ग्रुपवर सकाळी सात वाजता हौदातल्या अळ्यांचा व्हिडिओ, खाली 43 मेसेज. मळकट पांढऱ्या, चपट्या, नखाएवढ्या, शेकडो, कचऱ्यावरून लाट गेल्यासारख्या हलत होत्या. बघायला किळस येते हे कबूल. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, कचरा भराभर खातात, आणि ती माशी घरमाशीसारखी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. एवढं मी लिहिलं, कुणी वाचलं नाही. मग पुठ्ठा दुप्पट घातला, माल कोरडा झाला, तापमान 50 च्या पुढे गेलं आणि आठवड्यात अळ्या दिसेनाशा झाल्या. त्या दिसल्या म्हणजे ओल जास्त झालीय, इतकाच निरोप घ्यायचा.

त्या आठवड्यात चार घरांनी बादली देणं बंद केलं. तीन परत आली. एक अजून नाही.

27 ऑगस्ट ते 7 सप्टेंबर

चवथ. बंद पाच फ्लॅटही उघडले. दीड दिवसाच्या आणि पाच दिवसांच्या गणपतींचं निर्माल्य, केळीची पानं, आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट). एका दिवसात 71 किलो, आमचा उच्चांक.

माटोळीत खरी मेहनत. सुपारीचे शिपटे, आंबाड्याचे घोस, कवंडळं, घागऱ्या, सगळं झाडाझुडपाचंच, हौदाला काहीच अडचण नाही, पण बांधलेलं कशाने? आजींच्या घरची माटोळी केवणीच्या (रानझुडपाच्या सालीच्या) दोराने बांधलेली, ती दोरासकट हौदात. बाकी घरांत तांब्याची तार, प्लास्टिकची सुतळी, एका ठिकाणी तर केबल टाय. मावशी आणि मी दोन दुपारी पक्कड घेऊन तारा सोडवत बसलो. निर्माल्य पायाखाली जाणार नाही ना, अशी दोघांना शंका होती, त्यांना म्हटलं हे खत तुमच्याच तुळशीला घालू, मग दिलं. पुढच्या चवथीच्या आधी सगळ्या घरांत सुंभाची गुंडी वाटायची असं वहीत वर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

5 ऑक्टोबर

पहिली चाळणी. पार्किंगमधली 14 पोती आता कोरडी, भुसभुशीत. रेती चाळतात तसली उभी चाळण 900 ला घेतली, टेकवून ठेवायची आणि फावड्याने माल मारायचा. 88 किलो बारीक खत निघालं. वर राहिलेलं जाड साधारण 30 किलो, ते नव्या हौदात विरजण म्हणून. कचरा कुजवायची बाजारची कल्चर पावडर आम्ही एकदाही घेतली नाही.

चाळणीवर काय उरतं ते बघण्यासारखं असतं. आंब्याचे बाठे, उदबत्तीच्या काड्या, सफरचंदाचे स्टिकर (गोल, चकचकीत, नवे कोरे), दोन चमचे, एक चांदीचं जोडवं (बी-201 चं, परत दिलं). आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे. निळे, त्रिकोणी, नखाएवढे. पिशवी लोक धुऊन सुक्यात टाकतात, पण कात्रीने कापलेला कोपरा ओट्यावर पडतो आणि चहाच्या चोथ्याबरोबर आत जातो. 14 पोत्यांत 212 निघाले, मी मोजले. बरणीत भरून लिफ्टमध्ये ठेवलेत, खाली चिठ्ठी: कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लोंबता ठेवा. (हे नंतर लिहितेय:) सांगून जे सहा महिने झालं नाही ते त्या बरणीने तीन आठवड्यांत झालं, नवे कोपरे जवळजवळ बंद.

"कुजतात" असं छापलेल्या हिरव्या पिशव्याही होत्या. कुजल्या नव्हत्या.

खत वाटप: घरटी दोन किलो, 62 किलो गेलं. उरलेलं खालच्या बागेला. विकायचं का अशी चर्चा झाली, मी नको म्हटलं, लोकांना आधी आपल्या कुंडीत फरक दिसू दे.

20 ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे वाड्यावरचा नरकासुराचा गवत भरलेला पुतळा जाळला. पोरांच्या मांडवात न वापरलेलं सुकं गवत पडलं होतं, सहा भारे. मी अंघोळ, कारीट, फोव सगळं आटपून आठ वाजता तिथे, "रे, हे आम्हाला देता?" पोरं म्हणाली, "काकी, घेऊन जा, नाहीतर आम्हालाच साफ करायला लावतील." गवत कापून घातलं की हवा छान राहते. पुढच्या वर्षीसाठी आजूबाजूच्या तीन मांडवांना आताच सांगून ठेवलंय.

23 नोव्हेंबर

हिशोब. हौद 20,220. बादल्या 4,340. छप्पर 16,500. जाळी 2,800. थर्मामीटर 650. कोकोपीट 5,980. फुकट गेलेला भुसा 600. चाळण 900. हातमोजे, पोती, दाताळं वगैरे 1,400. सगळं मिळून 53,390, चालू घरामागे साधारण 1,720. शिवाय मावशींचे महिना 3,000, ते आता 4,000 केलेत कारण पावसातलं काम त्यांनीच ओढलं. छप्पर आणि जाळी वेळेवर केली असती, भुसा आणला नसता आणि पातेरा साठवला असता तर यातले साधारण तेरा हजार वाचले असते.

माझा वेळ पहिले दोन महिने रोज दीड तास, आता आठवड्याला दोन तास. 30 घरं देतात, त्यातली 26 एकदम नीट.

पुढच्या पावसाळ्याचं गणित असं: 20 मे ते सप्टेंबर अखेर, 134 दिवस, दिवसाला एक पोतं. पुठ्ठ्यातून आणि गवतातून पन्नासेक पोत्यांचं काम भागेल, म्हणजे पातेरा 85 पोती तरी पाहिजे, भिजायची वगैरे धरून 100. गच्चीवर टाकीच्या खाली कोरडी जागा आहे, तिथे फळ्या टाकून रचायचा. पानगळ खरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, पण शेजारच्या भाटातला सोनमोहर आत्तापासूनच गळायला लागलाय. आज सकाळी जाऊन आलो. 4 पोती झाली.